सेफ्टी शूज घालून रक्तदान

सुरुवातीलाच माफी मागते. आमच्या घरात आजवर लिखाण झालं ते दोनच प्रकारचं : पप्पांचा रजेचा अर्ज आणि आईची किराण्याची यादी. मी घरातली पहिली कॉलेजला जाणारी, म्हणून माझ्या हातात पेन जरा जास्त वेळ असतं, इतकंच. तेव्हा लेख लिहायला बसणं हा माझा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. पण आमची गोष्ट दिघीत सांगितली जाते तेव्हा दर आठवड्याला तिच्यात काहीतरी नवीन भर पडते. (परवा भाजीवालीनं मलाच माझी गोष्ट सांगितली. तिच्या गोष्टीत मी तीन दिवस दवाखान्यात होते!) म्हणून एकदा खरं काय ते लिहून टाकते.

खरं एवढंच, की आमच्या रक्तदान शिबिरात पहिलं रक्त निघालं ते अध्यक्षांच्या पायाच्या अंगठ्यातून. आणि ते मी काढलं.

हे अध्यक्ष म्हणजे आमचे घरमालक, नाना. दिघीतलं जुनं शेतकरी घर. जिथं त्यांची ज्वारी डोलायची तिथं आता त्यांच्या तीन इमारती उभ्या आहेत, आणि त्यातल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, आम्ही. त्या वर्षी नाना इथल्या सेवा क्लबचे अध्यक्ष झाले होते. क्लबची एक योजना होती. परदेशातल्या तशाच क्लबची एक मुलगी सहा आठवडे इथं येणार, एका कुटुंबात राहणार, क्लबबरोबर समाजकार्य करणार. मग ज्या घरी ती राहिली, त्या घरची मुलगी सहा आठवडे तिच्या देशात जाणार. तिकीट क्लबचं! फक्त शेवटी क्लबच्या समितीनं ‘मुलगी योग्य आहे’ असं म्हणायला हवं.

क्लबातल्या मोठ्या मोठ्या फ्लॅटवाल्यांनी पाहुणी ठेवायला नकार दिला. कुणाकडे परीक्षा होत्या, कुणाकडे रंगकाम होतं. एका संध्याकाळी नाना जिना चढून वर आले.

“बालाजी, तुझ्याकडं ठिवतो का पाव्हणी? डेन्मार्कची हाय.”

पप्पा चाकणच्या कंपनीत लाईनवर काम करतात. ते नुकतेच शिफ्टवरून आले होते. “नाना, आमच्याकडं दोनच खोल्या.”

“माझ्या बिल्डिंगीत किती खोल्या हायेत ते मला सांगतो व्हय रं!”

आतून आई बाहेर आली. आमचं मूळ लातूरकडचं, आणि आईनं पिंपरी-चिंचवडला अठरा वर्षं काढली तरी तिची भाषा काही अजून बसमध्ये चढलेली नाही. “येऊ द्या की! दोन भाकरी जास्तीच्या थापल्या तर माझे हात झिजूलालेत का?”

मला तर रात्रभर झोप नाही! आमच्या घराण्यात आजवर पासपोर्ट म्हणजे फोटोचा आकार. आणि आता मी डेन्मार्कला!

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला बसले. नाव, पत्ता, शिक्षण सगळं सरळ गेलं. मग आला प्रश्न : ‘आजवर केलेलं समाजकार्य’. खाली चार ओळी मोकळ्या. मी खूप आठवलं. बसमध्ये दोनदा आजींना जागा दिली होती, पण त्यातल्या एकदा माझाच स्टॉप आला होता. एवढ्यानं चार ओळी भरेनात. खिडकीतून चौकातला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स दिसत होता, त्यावर लिहिलं होतं ‘नियमित रक्तदाते’. मी तेच लिहिलं. नियमित रक्तदान.

तेव्हा माझं वय सतरा वर्षं नऊ महिने होतं. अठराच्या आत कुणी रक्त घेतच नाही. शिवाय सुईला मी इतकी घाबरते की आई गोधडी शिवायला बसली तरी मी दुसऱ्या खोलीत जाते. पण अर्ज नानांनी वाचला, सचिवांनी वाचला, कुणाच्याही लक्षात आलं नाही.

अडीच महिन्यांनी डेन्मार्कची सिग्ने आली. वय सतरा, आणि उंची एवढी की आईनं पहिल्याच दिवशी आमच्या पंख्याचं बटण काढूनच टाकायचं ठरवलं. पण उंचीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिची एक सवय : जे खरं असेल तेवढंच बोलायची. आईनं मला विचारायला लावलं, “भाजी कशी झाली विचार की तिला.”

सिग्ने शांतपणे म्हणाली, “खूप तिखट. मला नाही आवडली. भाकरी फार आवडली.”

मी घाबरत घाबरत तसंच मराठीत सांगितलं.  आई हातातलं उलथनं खाली ठेवून म्हणाली, “वीस वर्षं झाली लग्नाला. या घरात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं बघ!” आणि पप्पांकडे असं पाहिलं, की पप्पांनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

सिग्ने तिच्या गावातल्या क्लबबद्दल सांगायची. ते लोक तळ्याचा काठ साफ करतात, म्हाताऱ्या माणसांना पेपर वाचून दाखवतात. मी विचारलं, “मग सत्कार कोण करतं?”

“सत्कार म्हणजे?”

मी समजावलं : स्टेज, हार, शाल, नारळ, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांची वाट पाहणं, मनोगत, आभार, फोटो. ती सगळं वहीत लिहून घेत होती. (तिच्याकडे एक निळी वही होती, त्यात ती सगळंच लिहायची.) शेवटी तिनं मान वर केली आणि खऱ्याखुऱ्या कुतूहलानं विचारलं, “आणि काम कधी करता?”

काम ठरलं ते रक्तदान शिबिराचं. शंभर बाटल्या गोळा करायच्या, असं नानांनी क्लबात छातीवर हात ठेवून सांगितलं. आता आपल्याकडे शिबिराला माणसं यायची तर भेटवस्तू लागते, हे दिघीतलं शेंबडं पोरही जाणतं. मागच्या गल्लीतल्या मंडळानं हेल्मेट दिली होती. नाना म्हणाले, “आपुन कुकर देऊ. तीन लिटरचा!”

आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागला. वर नाना, दोन्ही हात जोडून. खाली उजवीकडे शिट्टीसकट कुकर. डावीकडे सिग्ने आणि मी. आणि माझ्या फोटोखाली लाल अक्षरांत : ‘नियमित रक्तदात्या कु. ऋतुजा यांच्या शुभहस्ते पहिली बाटली’.

मी फ्लेक्सखाली उभी राहून ते दोनदा वाचलं. सिग्नेनं विचारलं, “तुझ्या नावापुढे काय लिहिलंय?”

“विद्यार्थिनी,” मी म्हणाले.

एका खोट्याची दोन झाली. तरी मी स्वतःला समजावलं. शिबिराच्या दिवशी मला अठरा पूर्ण झालेली असतील. डोळे मिटून एक बाटली दिली की अर्ज निदान थोडासा तरी खरा होईल. मग कुणाला काय कळतंय!

सिग्नेनं रक्तपेढीचे नियम मागवून घेतले आणि मोठ्यानं वाचले. वजन किमान पंचेचाळीस किलो. आम्ही खाली भंगारवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्या काट्यावर जुनी रद्दी उतरवली आणि मी चढले. बेचाळीस किलो सहाशे.

“रद्दीपेक्षा हलकी हाय पोरगी,” काका म्हणाले.

त्या दिवसापासून आईनं घराचा ताबा घेतला. सकाळी शेंगदाण्याचा लाडू, कॉलेजला जाताना दोन केळी, आल्यावर तूप घातलेला भात, मध्येच परत लाडू. “आई, मला जाईना आता!” म्हटलं की, “डेन्मार्कला जायचंय का बार्शीला? गीळ!” सिग्ने रोज संध्याकाळी मला भंगारवाल्याकडे नेऊन वजन वहीत लिहायची. तिनं त्याचा आलेखही काढला होता. रेघ वर चढत होती, पण आमच्या इमारतीच्या पाण्यासारखी, दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचता पोचता दमत होती. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी : चव्वेचाळीस किलो शंभर.

“नऊशे ग्रॅम कमी,” सिग्ने म्हणाली. “हरकत नाही. उद्या सरळ सांगू. पुढच्या वेळी देशील.”

तिच्यासाठी ते इतकं सोपं होतं! मी घरी येऊन आईपाशी रडले. अर्जातलं खोटंही सांगून टाकलं. आई ओरडेल असं वाटलं होतं. पण तिची नजर दाराशी ठेवलेल्या पप्पांच्या पिशवीवर गेली.

पप्पांच्या कंपनीत सेफ्टी शूज लागतात. पुढं लोखंडी टोपी असलेले, एकेक सहाशे-सातशे ग्रॅमचा. कंपनीच्या बसमध्ये पाय आवळतात म्हणून पप्पा चप्पल घालून जातात आणि शूज पिशवीत नेतात. गेटवर बदलतात.

“आई, पण त्यांना उद्या ओव्हरटाइम आहे!”

“रविवारी लाईन बंद अस्ते. नुसती साफसफाई. झाडू माराया लोखंडी बूट कशाला लागूलालेत?”

आणि पिशवी हलकी लागू नये म्हणून आईनं तिच्यात दीड किलो बटाटे भरले.

पप्पा पहाटेच पिशवी घेऊन बसला गेले. मी सकाळी आईची हिरवी काठपदराची साडी नेसले, पायघोळ, जमिनीला टेकणारी. खाली नऊ नंबरचे सेफ्टी शूज. माझा पाय चार नंबरचा. उरलेल्या जागेत आईनं मोजे कोंबले. शिबिर मंगल कार्यालयात होतं. मी चालले की तिथली फरशी धाड धाड वाजायची. सिग्नेनं वळून पाहिलं तर आई मोठ्यांदा खोकायची.

कार्यालयात गर्दी म्हणजे काय गर्दी! सगळ्या कॉलनीतल्या बायका आलेल्या. आणि इथं नानांनी एक हुशारी केली होती : वजनकाट्यावर सिग्नेला बसवलं. “आपल्या माणसानं न्हाई म्हटलं तर बाया भांडत्यात. गोऱ्या पोरीशी कोन भांडनार?”

नानांना आमच्या बायका माहीत नव्हत्या. खालच्या मजल्यावरच्या वंदनाकाकू काट्यावर चढल्या. त्रेचाळीस. सिग्नेनं शिकलेलं मराठी वाक्य म्हटलं, “ताई, अजून दोन किलो.” वंदनाकाकू उतरल्या, कोपऱ्यात जाऊन अर्धा डझन केळी खाऊन परत आल्या. चव्वेचाळीस. “ताई, अजून एक किलो.” मागच्या एकीनं लिटरभर पाणी पिऊन पाहिलं. आणखी एक तर नातवाला कडेवर घेऊन काट्यावर चढली आणि म्हणाली, “अंगावरचंच पोर हाय, धरा त्येचं बी!”

“ताई, बाळ खाली,” सिग्ने म्हणाली, आणि सगळं कार्यालय हसलं.

पण नापास झालेल्या बायकांचा कोपरा वाढत चालला होता. “रक्त घ्यायचं नसंल तर नका घेऊ! कुकर तरी द्या!” नाना हात जोडून फिरत होते. “आवो, रक्ताचा कुकर हाय तो!”

प्रमुख पाहुणे यायला दहा वाजले. (तोपर्यंत उद्घाटनाआधी रक्त घ्यायचं नाही, असं नानांनी डॉक्टरांना बजावलं होतं.) नारळ फुटला. सूत्रसंचालकांनी माइक हातात घेतला. “आणि आता, ज्यांनी लहान वयात समाजापुढं आदर्श ठेवला, त्या नियमित रक्तदात्या...”

टाळ्यांत मी धाड धाड करत काट्यापाशी गेले. शेजारी नाना फोटोसाठी उभे, अनवाणी, कारण चपला सगळ्यांनी बाहेर काढल्या होत्या. सगळ्यांनी म्हणजे माझ्याशिवाय. मी साडी सांभाळत चढले.

पंचेचाळीस किलो पाचशे!

सिग्नेनं काट्याकडे पाहिलं. निळी वही उघडली. परत काट्याकडे पाहिलं. मग ती रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंकडे वळली, “एका रात्रीत एक किलो चारशे वाढू शकतं का?” आणि लगेच, “ते माइकवर हिला काय म्हणाले?”

डॉक्टरबाईंनी इंग्रजीत अर्थ सांगितला.

“नियमित?” सिग्ने गोंधळली. “पण हिला अठरा पूर्ण होऊन तीनच आठवडे झालेत.”

सूत्रसंचालकांनी माइक खाली घेतला होता, पण बंद केला नव्हता. सगळ्यांनी ऐकलं.  डॉक्टरबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “काय गं, पाळण्यातून देत होतीस का?”

आणि त्याच क्षणी दारातून, कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये, पायात चप्पल, हातात पिशवी, पप्पा आत शिरले.

“माझे बूट कुठायत?”

 पप्पांनी पिशवी उंच धरली. “गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. बूट घाला म्हणे. मी पिशवीत हात घातला तर बटाटे! सगळी बस हसूलाली राव! सिक्युरिटी म्हणतो, बालाजीभाऊ, आज लाईनवर भाजी चढवायची का?”

मी घाईघाईनं काट्यावरून मागं उतरायला गेले. डावा बूट चार नंबरच्या पायातून सुटला, हवेत गेला, आणि लोखंडी टोपीच्या बाजूनं नानांच्या अंगठ्यावर पडला.

“आयाऽऽऽ! मेलो!”

नख उचकटलं. भळाभळा रक्त. फोटोग्राफरनं (त्याला ‘पहिलं रक्त निघालं की फोटो काढ’ असं सांगून ठेवलं होतं) इमानदारीत फोटो काढला.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी मी सूत्रसंचालकांच्या हातातल्या माइकपाशी लंगडत गेले.  “मी अर्जात खोटं लिहिलं,” मी म्हणाले. “मी आजवर रक्त दिलंय ते फक्त डासांना. वजन चव्वेचाळीस किलो शंभर आहे. बूट पप्पांचे आहेत. चूक माझी आहे.”

 नापास बायकांच्या कोपऱ्यातून वंदनाकाकूंचा आवाज आला, “अगं बाई, म्हणजे हिचंबी भरंना व्हय!” आणि जे हसू फुटलं, ते आवरेना.

सिग्ने हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि वहीत काहीतरी लिहीत होती. माझं डेन्मार्क त्या वहीत बुडताना मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात आईनं माइक ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा! “आवं बायांनो, ऐका! आपलं वजन भरंना, तर घरी जे भारी माणूस लोळूलालंय रविवारचं, त्याला आणा की! रक्त त्याचं, कुकर तुमचा!”

पाच मिनिटांत कार्यालय रिकामं. पंधराव्या मिनिटापासून नवरे यायला लागले. कुणी बनियनवर, कुणी अर्धी दाढी केलेला, एकाच्या हातात अजून चहाचा कप. “अगं, पण कशाला?” “गप चला! तीन लिटरचा हाय!” वंदनाकाकूंनी नवरा, दीर आणि पुतण्या असे तिघे आणले आणि त्यांना स्वतः एकेक करून काट्यावर चढवलं. सिग्ने आनंदानं ओरडत होती, “दादा, पास! दादा, पास!”

पण पहिली बाटली पप्पांची. नर्सबाई नानांच्या अंगठ्याला पट्टी बांधत होत्या तेव्हा पप्पांनी बटाट्यांची पिशवी खाली ठेवली आणि बाही वर केली. माझ्यासारखेच तेही सुईला घाबरतात, हे मला त्या दिवशी कळलं. तोंड भिंतीकडे, डोळे घट्ट मिटलेले. मी त्यांचा दुसरा हात धरला. ते डॉक्टरबाईंना म्हणाले, “मॅडम, एकाच घरचं रक्त आहे. पोरीचा फॉर्म अर्धा तरी खरा धरा.”

 ओव्हरटाइम गेला होता, सगळ्या बससमोर हसं झालं होतं, आणि ते माझ्या फॉर्मची काळजी करत होते.

एकशे सात बाटल्या झाल्या. शेवटच्या सातांना कुकर पुरले नाहीत, त्यांना नानांनी स्वतःच्या सत्काराच्या शाली दिल्या. पप्पांच्या कुकरमध्ये पप्पांचेच बटाटे उकडून आईनं सगळ्या कार्यकर्त्यांना भाजी खाऊ घातली. “तिखट कमी. आता आवडली,” सिग्ने म्हणाली.

तिचे सहा आठवडे संपले. जाताना तिनं समितीसाठी एक बंद पाकीट नानांच्या हातात दिलं. मी विचारलं, “त्यात काय लिहिलंयस?” ती म्हणाली, “खरं.” यापेक्षा भयंकर उत्तर मी ऐकलेलं नाही.

मग वाट पाहणं. एक आठवडा, दोन, पाच. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराशी. नाना दिसले तरी बोलत नसत. मी समोर आले की जरा जास्तच लंगडत.

शेवटी गेल्या रविवारी ते वर आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, अंगठ्याकडे पाहिलं. 

“पाकीट वाचलं समितीत. पोरीनं समदं लिवलंय. बूट, बटाटं, खोटं, कायबी सोडलं न्हाई. फ्लेक्सवर माझं नाव व्हतं, ठाऊक हाय न्हवं तुला?”

“हो नाना. चुकलं.”

“आन शेवटी लिवलंय,” नानांनी खिशातून चिठ्ठी काढली, “समाजासाठी दहा दिवसांत दीड किलो वजन वाढवणारी आणि उरलेलं खोटं वजन शंभर माणसांसमोर परत करणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. तिला आमच्याकडे पाठवा.” त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. “समितीनं हां म्हटलं. पासपोर्ट काढ आता. फोटो न्हवं, खराखुरा!”

आई रडायला लागली, पप्पा हसायला लागले, आणि मी नानांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. “लांबून! लांबून पड!”

तेवढ्यात माझा फोन वाजला. सिग्नेचा मेसेज! मी मोठ्यानं वाचत गेले : तिला बातमी कळली आहे, तिच्या आईनं माझी खोली तयार केली आहे, आणि मी पोचेन त्याच आठवड्यात त्यांच्या क्लबचं रक्तदान आहे, त्यात तिनं माझं नाव पहिलं घातलं आहे. फक्त एक नियम वेगळा आहे. तिकडे किमान वजन पन्नास किलो लागतं.

मी सध्या त्रेचाळीसवर आहे. आईनं लाडवांचा डबा खाली काढला.  पप्पा उठले, दाराशी ठेवलेले सेफ्टी शूज उचलले, कपाटात ठेवले, आणि किल्ली खिशात घातली.